शाळेतली प्रार्थना बंद झाल्यावर

१४ जून

प्रिय धाकट्या,

मुख्याध्यापक झालास, अभिनंदन. शाळेत तुला आता सगळे ‘सर’ म्हणतील. मी ‘धाकट्या’च म्हणणार, त्याला इलाज नाही. बंदराच्या गावाची दमट हवा तुला सोसेल का, अशी नानांना बाप म्हणून काळजी आहे. मला काळजी नाही, उत्सुकता आहे, आणि तिचं कारण सोबतच्या पाकिटात आहे.

‘आपण माणसं’ हे पुस्तक तुझ्या शाळेत पोचलंच असेल, तरी माझ्याकडून एक प्रत. पाठ्यपुस्तक समितीची सचिव म्हणून या पुस्तकात माझी चार वर्षं गेली. परिपत्रकही तू वाचलं असशील. या वर्षापासून सरकारी शाळांत सकाळची प्रार्थना नाही आणि धर्मपाठाचा तासही नाही. परिपाठाला थोडा वेळ शांत उभं राहायचं, आणि आठवड्यातून दोनदा हे पुस्तक शिकवायचं. यात देव नाही. देव नाही असंही कुठे म्हटलेलं नाही. माणसाने माणसाशी कसं वागावं आणि ऐकलेली गोष्ट कशी पारखून घ्यावी, एवढंच आहे.

हे मी हट्टाने का केलं, ते तुला ठाऊक आहे. नानांच्या शाळेत प्रार्थना सुरू झाली की दुसऱ्या धर्माची ती मोजकी पोरं नळाजवळ जाऊन उभी राहायची. नाना डोळे मिटून प्रार्थना सांगायचे, त्यामुळे त्यांना ती कधी दिसली नाहीत. मी एक डोळा उघडा ठेवायचे.

नानांनी पुस्तक अजून उघडलेलं नाही. टेबलावर आहे. त्यावर ते चष्मा ठेवतात.

जिल्ह्याजिल्ह्यांतून अहवाल येतील, आणि ते कसे लिहितात हे आपल्याला माहीत आहे. ‘विद्यार्थ्यांनी उपक्रमाचे उत्स्फूर्त स्वागत केले.’ तू मात्र मला खरं लिही.

तुझी,
ताई


९ जुलै

प्रिय ताई,

हवा सोसतेय. लोखंडाला मात्र सोसत नाही. खिडक्यांचे गज हाताला लागले की हात तांबडे होतात, आणि माझ्या खुर्चीचा एक पाय गंजाने इतका खाल्लाय की बसताना मी पदाची शान राखून, जरा डावीकडे कलून बसतो. मागे लगेच धक्का आहे. जहाजाचा भोंगा वाजला की वर्गात शिक्षक तोंड उघडं ठेवून थांबतात, भोंगा संपला की वाक्य पूर्ण करतात. मीही शिकलो.

तुला खरं हवं होतं. तर पहिला आठवडा शांतता म्हणजे नुसती चुळबुळ होती. मुलांना कळेना, शांत राहून करायचं काय. एकाने विचारलं, ‘सर, आत्ता मनात काय म्हणायचं?’ मी म्हटलं, ‘तुला हवं ते.’ तो म्हणाला, ‘मग मी क्रिकेटचं म्हणतो.’ आता सवय झालीये. तुझी नळाजवळची पोरं इथेही होती, ती व्हरांड्यात उभी राहायची. पहिल्या दिवशी ती सवयीने व्हरांड्याकडे निघाली. कवायतीच्या मास्तरांनी हाक मारून त्यांना रांगेत घेतलं. मास्तर फार विचार करणारा माणूस नाही, पण हाक चांगली मारली.

अडचण गाण्याच्या बाईंची झाली. वीसेक वर्षं प्रार्थना त्याच सांगत आल्या. आता त्या परिपाठाला माझ्या शेजारी उभ्या राहतात आणि शांततेत त्यांचे ओठ हलतात. मी तिकडे बघत नाही.

पुस्तकाबद्दल. ‘विचारून बघा’ हा धडा पाचवीत फार चालला. त्या वर्गात एक मुलगी आहे, तिचं नाव शिक्षकखोलीत ‘कशावरून’ पडलंय. तुम्ही म्हणा की पृथ्वी गोल आहे, ती म्हणणार, ‘कशावरून?’ तुम्ही म्हणा की उद्या सुट्टी आहे, तरी ‘कशावरून?’ तिचा बाप धक्क्यावर क्रेन चालवतो. तिला नेण्यासाठी एकदा आला होता. म्हणाला, ‘सर, तुमचं ते पुस्तक मी पण वाचलं. आमच्या घरात ते आधीपासूनच आहे, फक्त छापलेलं नव्हतं.’ देवाधर्माचं त्यांच्या घरी काही नाही. तो ते लपवत नाही आणि मिरवतही नाही.

दुसरा एक बाप मात्र तावातावाने आला होता. ‘पोरगा जेवताना विचारतो, आपला देवच खरा कशावरून?’ मी विचारलं, ‘मग तुम्ही काय सांगितलंत?’ तो म्हणाला, ‘गप जेव म्हटलं.’ मग आपणच जरासा हसला आणि गेला.

नानांना सांग, खोकला नाही.

धाकटा


२० जुलै

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, त्यातलं कशावरूनचं दोनपेक्षा जास्त वेळा. नाव न सांगता तो किस्सा मी समितीत वाचून दाखवला. आमच्या विज्ञानवाल्या सदस्यांनी टेबल वाजवलं. धर्मवाल्या सदस्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मला मात्र त्या क्षणी चार वर्षांचा शीण उतरल्यासारखं वाटलं. कुठेतरी एक मूल आहे, आणि आपण लिहिलेलं त्याच्या जिभेवर आहे.

नानांना तो क्रेनवाला आवडला नसावा. मी वाचत होते आणि ते पेपर धरून बसले होते, पान काही उलटत नव्हते. मग म्हणाले, ‘सगळं विचारायला शिकवा. पण पोरांना आभार मानावेसे वाटले तर ती मानतील कुणाचे?’ मी म्हटलं, ‘ज्याने काही केलं त्याचे.’ ते म्हणाले, ‘आणि सकाळ झाली त्याचे?’ उत्तर द्यायच्या आत ते आंघोळीला निघून गेले. वादात शेवटचा शब्द आपला राहावा म्हणून ते हल्ली दिवसातून दोनदा आंघोळ करतात.

बाईंचे ओठ हलतात ते हलू देत. मनाला परिपत्रक लागू नाही. मात्र आवाज येता कामा नये, तेवढं बघ.

पुढचं सविस्तर लिही. कशावरूनचं जरूर लिही.

ताई


२ सप्टेंबर

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. शाळेत सध्या कामं बरीच आहेत. सगळं ठीक आहे.

एक विचारायचं होतं. पुस्तकात बावीस धडे आहेत. शेजारी, भांडण, खोटं, भीती, पाणी, सगळ्यांवर आहेत. मरणावर एकही नाही. हे राहून गेलं की मुद्दाम ठेवलं नाही?

पाऊस फार आहे. नानांना नमस्कार.

धाकटा


११ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

तुझी नजर बारीक आहे. हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता.

राहून गेलेलं नाही. धडा होता, मीच लिहिला होता. त्यावर जेवढा वाद झाला तेवढा बाकीच्या सगळ्या धड्यांवर मिळून झाला नसेल. एक गट म्हणाला, आत्म्याचा उल्लेख नसेल तर हा धडा मुलांना घाबरवेल. दुसरा म्हणाला, शरीर थांबतं आणि माणूस संपतो हे सरळ लिहा, उगाच धुकं कशाला? मी मधलं वाक्य शोधत राहिले. प्रत्येक बैठकीनंतर धडा थोडा लहान होत गेला, आणि शेवटी त्यात ‘झाडाची पानं गळतात’ एवढंच उरलं. मग मीच म्हटलं, असला धडा असण्यापेक्षा नसलेला बरा. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खरं तर मीही.

दहा वर्षांच्या मुलाला हे वर्गात लागतंच कशाला, अशी मी माझी समजूत घातली. तसा प्रसंग आला तर घरचे आहेतच. तुला धडा हवा असेल तर पहिला खर्डा कपाटात असेल. शोधून पाठवते. पण घाई नसावी असं धरते.

कशावरूनचं काहीच लिहिलं नाहीस. आता कुणाच्या मागे लागली आहे?

ताई


२३ सप्टेंबर

धाकट्या,

तुझ्या शाळेची तक्रार आज माझ्या टेबलावर आली. सरकारी शाळेत सर्व मुलांसमोर मोठ्याने प्रार्थना घेतली गेली, मुख्याध्यापक हजर होते, त्यांनी थांबवलं नाही. तक्रार मुलीच्या वडिलांची आहे. खाली मुलीचं नाव आहे आणि नावाआधी ‘कैलासवासी’ लिहून खोडलेलं आहे. खोडून ‘मृत’ लिहिलंय.

वडिलांचा धंदा वाचला तेव्हा कळलं ती कोण.

हे मला कार्यालयाच्या शिपायाने आणून दिलेल्या कागदांतून का कळावं? ‘सगळं ठीक आहे’ असं तू लिहिलंस, आणि मी तुला झाडांच्या पानांच्या गोष्टी सांगत बसले.

काय झालं ते लिही. मुख्याध्यापक म्हणून लिहू नकोस.

ताई


२९ सप्टेंबर

प्रिय ताई,

लिहितो. तेव्हाच लिहायला बसलो होतो. ‘कशावरून गेली’ एवढे शब्द कागदावर उमटले आणि ते वाचून मला पुढे लिहवेना. म्हणून तुला धड्याचं विचारलं.

ऑगस्टच्या शेवटी तिला ताप आला. आधी साधा वाटला. मग मान वळेना, उजेड सोसेना. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला. आठवडाभरही राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळी शाळा उभी होती. मुलांना आधीच कळलेलं होतं. मी म्हणालो, ‘आपली एक विद्यार्थिनी काल आपल्याला सोडून गेली. आपण तिच्यासाठी शांत उभं राहू.’ ताई, रोज आपण शांतच उभे राहतो. त्या दिवशीची शांतता वेगळी कशी करायची, ते मला माहीत नव्हतं.

तिच्या बाकावर बसणारी मुलगी पहिल्या रांगेत होती. तिने हात वर केला. शांततेत हात वर. मी मान हलवली. ती म्हणाली, ‘सर, सोडून गेली म्हणजे कुठे गेली?’

सगळी शाळा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ‘ती आपल्या आठवणीत आहे.’ मुलगी म्हणाली, ‘ते नाही. ती कुठे आहे?’ मागे लहान वर्गात कुणीतरी रडायला लागलं, मग दुसरं, मग रांगच्या रांग. कवायतीचे मास्तर तोंड फिरवून उभे राहिले. मला पुढे जायला हवं होतं आणि मी हललो नाही.

तेव्हा बाईंनी सुरुवात केली. मोठ्याने नाही, पण त्यांचा आवाज तू ऐकलेला नाहीस, त्याला मोठं व्हावं लागत नाही. जुनी सकाळची प्रार्थना. दुसऱ्या ओळीला मोठी मुलं सामील झाली, मग जवळजवळ सगळी. रडणं थांबलं. व्हरांड्यातली पोरं, जी आता रांगेत उभी असतात, ती तशीच उभी होती, खाली बघत. प्रार्थनेच्या शेवटी बाईंनी गेलेल्या मुलीचं नाव घेतलं आणि देवाने तिला जवळ घ्यावं असं म्हटलं.

मी थांबवलं नाही. थांबवावंसं वाटलंच नाही, हेही लिहून ठेवतो.

तिचा बाप दोन दिवसांनी आला. त्याला पोरांकडून कळलं होतं. बसला नाही. म्हणाला, ‘सर, माझ्या मुलीला विचारून तुम्ही तिला देवाकडे पाठवलंत का? ती असती तर तिने काय म्हटलं असतं, हे तुम्हाला माहीत नाही? ती गप्प झाल्या झाल्या तुम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द घातलेत.’ तक्रार करणार, असं त्याने मला सांगूनच केली.

बाईंना मी विचारलं, का म्हटलंत? त्या म्हणाल्या, ‘राहवलं नाही.’ त्यापुढे एक अक्षर नाही. लेखी जबाबातही तेवढंच आहे. जी शिक्षा होईल ती चालेल म्हणतात.

धाकटा


६ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

हे प्रकरण भावाच्या शाळेचं आहे, माझ्याकडे नको, असं मी संचालकांना लेखी कळवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, ‘नियम तुमचा, भाऊ तुमचा, मग अभिप्राय दुसरा कोण देणार? एवढं तटस्थ दुसरं कोणी माझ्याकडे नाही.’ ही स्तुती होती की थट्टा, मला कळलं नाही. अभिप्राय मलाच द्यायचा आहे.

नियमाप्रमाणे बाईंचं निलंबन होऊ शकतं. सेवेची शेवटची वर्षं आहेत त्यांची.

धाकट्या, तो माणूस बरोबर आहे. त्याचं म्हणणं मी माझ्या पुस्तकात जसं मांडलं असतं, त्याहून त्याने ते नीट मांडलंय. तरीही त्या मुलीने हात वर केला तेव्हा मी तिथे असते तर मी काय म्हणाले असते? कपाटातला खर्डा काढून वाचला. त्यात त्या मुलीला देता येईल असं एकही वाक्य नाही. गटांनी माझं वाक्य खाल्लं असं मी सगळ्यांना सांगत आले. पण ते वाक्य पहिल्या खर्ड्यातही नव्हतं.

त्याच्या घरी जा. शाळेचा कागद नेऊ नकोस. बाई येणार असतील तर त्यांनाही घेऊन जा. त्याला काय हवंय ते विचार. तक्रारीत लोक मागतात ते आणि त्यांना हवं असतं ते, यात फरक असतो.

नानांना सगळं सांगितलं. त्या दिवशी आंघोळ एकदाच झाली.

ताई


२४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

गेलो होतो, बाईंसह. धक्क्याच्या कामगारांच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीतून क्रेनची टोकं दिसतात. भिंतीवर त्या मुलीने काढलेलं क्रेनचं चित्र, बारकावे असे की इंजिनियरने पाहावं. तिची आई शिवणयंत्रावर होती. आम्हाला बघून उठली, पाणी दिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राहिली. शेवटपर्यंत काही बोलली नाही. नवऱ्याचं मत तेच तिचं असावं.

बाई सरळ म्हणाल्या, ‘मी तुम्हाला दुखावलं. माफी मागते.’

तो म्हणाला, ‘तुमच्यावर माझा राग नाही. तुमची नोकरी जावी असंही नाही.’

मी विचारलं, ‘मग काय हवंय?’

त्याने बोटांची पेरं मोडली. ‘तुम्ही ज्यांच्यासमोर ते म्हटलंत, त्याच पोरांसमोर मला बोलायचंय. त्या पोरीने विचारलं ना, कुठे गेली म्हणून? तिला कुणी उत्तर दिलं नाही. मी देतो.’

ताई, मी परवानगी दिली. परिपत्रकात याला बंदी नाही, मी पाहिलं.

सोमवारी तो आला. कामावरूनच आला असावा, हाताला ग्रीस होतं. मंचावर चढला नाही, पोरांसमोर जमिनीवर उभा राहिला. म्हणाला, ‘माझी मुलगी कुठेही गेलेली नाही. ती मेली. आजारी पडली, डॉक्टरांनी प्रयत्न केला, जमलं नाही, ती मेली. आता ती दिसणार नाही, बोलणार नाही. म्हणून मी रडतो. ती कुठे तरी असती तर मी तिकडे गेलो असतो, रडलो नसतो.’

मला वाटलं, हे फार झालं, मुलं घाबरतील. पण तो बोलत राहिला. ती पहाटे उठून त्याला काय काय विचारायची, क्रेनच्या केबिनमध्ये एकदा तिला नेलं तेव्हा खाली बघून ती काय म्हणाली. ‘म्हणाली, बाबा, इथून सगळी माणसं सारखीच दिसतात. मी म्हटलं, कशावरून? तर रुसली. म्हणाली, कशावरून फक्त मी म्हणायचं.’ मुलं हसली. तोही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा बिघडला. तसाच उभा राहिला, पुसला नाही.

मग म्हणाला, ‘आता तुम्ही विचारा.’

हात वर झाले. एकाने विचारलं, तुम्हाला भीती वाटते का? म्हणाला, वाटते, घरी दार उघडताना वाटते. बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं, ‘ती मेली तेव्हा तिला दुखलं का?’ तो म्हणाला, ‘आधी दुखलं. शेवटी झोपली होती. हे मी तिथे होतो म्हणून सांगतो.’ ती मुलगी खाली बसली. मला दिसलं, तिला हवं होतं ते मिळालं.

शेवटी सातवीतल्या एका मुलाने विचारलं, ‘काका, आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली तर तुम्हाला राग येईल?’ तो म्हणाला, ‘तुझ्या घरी कर, मनात कर, मला काय कळतंय. सगळ्यांनी एकदम म्हटलं की ज्याला म्हणायचं नाही त्याला जागा उरत नाही. राग त्याचा आला.’

बाई भिंतीशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या दिवशी शांततेत त्यांचे ओठ हलले नाहीत.

तक्रार तो मागे घेणार नाही म्हणाला. ‘नियम मोडला ते मोडलाच, सर. पण बाईंच्या पोटावर मारू नका.’

धाकटा


१२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अभिप्राय दिला. बाईंना लेखी ताकीद. निलंबन नाही. मुख्याध्यापकांनाही लेखी ताकीद, कर्तव्यात हयगय केल्याबद्दल. दोन्ही सरकारी टपालाने येतील. खाली सही माझी आहे. वर तुझं नाव लिहिताना ‘धाकट्या’ असं लिहिलं जाणार नाही याची काळजी घेतली.

मरणाचा धडा नव्याने लिहायला घेतलाय. तुझं मागचं पत्र समोर ठेवून लिहिला. तिचं नाव नाही, गाव नाही, बाप मात्र आहे आणि त्याची वाक्यं आहेत. त्याला विचारून लिहिलंय, त्याने हो म्हटलं. धड्यात पुढे हेही आहे की काही घरांत लोक मानतात की माणूस देवाकडे जातो, आणि तुझा मित्र तसं मानत असेल तर त्याच्या दुःखाच्या वेळी त्याच्याशी वाद घालू नकोस. विज्ञानवाले सदस्य म्हणाले, ही पळवाट आहे. धर्मवालेही म्हणाले, ही पळवाटच आहे. इतकं एकमत आमच्या समितीत कधी झालं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत जाईल की नाही, सांगता येत नाही.

खर्डा नानांनी वाचला. पूर्ण वाचला, पेन्सिल घेऊन. एकच वाक्य खोडलं, ‘आपण दुःखी कुटुंबाच्या भावनांशी समरस व्हावे’. बाजूला लिहिलं, ‘असं कोणी बोलतं का?’ मी विचारलं, बाकी? म्हणाले, ‘बाकी तो माणूस खोटं बोलत नाही.’ मग चष्मा खिशात ठेवला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तुझ्या पत्रात त्या घरी चार माणसं होती. तिघांचं बोलणं तू शब्द न् शब्द लिहिलंस. आई काय म्हणते, ते कुणी विचारलं का? तू तिच्यासाठी ‘असावं’ लिहिलंयस. तो शब्द मी सरकारी कागदात वापरते, जेव्हा मला माहीत नसतं तेव्हा.

ताई


३० नोव्हेंबर

प्रिय ताई,

ताकीद मिळाली. भाषा चांगली आहे. बाईंनी त्यांची वाचून घडी करून पर्समध्ये ठेवली आणि सातवीच्या तासाला गेल्या.

तुझ्या पत्राने मी वरमलो. आईला भेटायला जायचं ठरवत होतो, तेवढ्यात तीच आली. काल, शाळा सुटल्यावर, नवऱ्याला घेऊन. मुलीचं दप्तर आणि चित्रांची वही वर्गात राहिली होती, ती न्यायला. निदान तो तसंच समजून आला होता. मी दप्तर काढून दिलं. ते तिने त्याच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, ‘सर, गाण्याच्या बाईंना बोलवा.’

बाई आल्या. तिला बघून दारातच म्हणाल्या, ‘नको. झालं ते झालं.’

ती म्हणाली, ‘झालं कुठे? ताकीद तुम्हाला मिळाली.’ मग नवऱ्याकडे वळली. ‘बाईंना मी सांगितलं होतं. ती गेली त्या संध्याकाळी बाई घरी आल्या होत्या. तू कागदपत्रांसाठी दवाखान्यात होतास. मी म्हटलं, आमच्या घरात म्हणता येत नाही, शाळेत तरी तिच्यासाठी म्हणा.’

तो दप्तर धरून उभा होता. मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, ‘घरात म्हणता येत नाही, असं मी कधी म्हटलं?’

‘कधीच नाही.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘लग्नाला चौदा वर्षं झाली. पोरीला रोज सांगायचास, विचार, सगळ्यांना विचार. तू मला विचारलंस कधी?’

ती हे भांडून म्हणाली नाही. बोलून झाल्यावर खाली बसली, माझ्या त्या मोडक्या खुर्चीवर. तिला डावीकडे कलायला सांगायचं मला सुचलं नाही, पण खुर्चीने निभावलं.

बाईंनी एवढे दिवस तोंड का उघडलं नाही, ते मी विचारलं नाही. दिसतच होतं.

तो खिडकीशी गेला. गजाला हात लावून उभा राहिला. धक्क्यावर दुसरा कोणीतरी त्याची क्रेन चालवत होता. मग त्याने बाईंना विचारलं, ‘काय म्हटलं होतंत? मला नुसती शेवटची ओळ कळली. आधीचं काय होतं?’

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो. तेव्हा त्यांनी ती प्रार्थना सांगितली, चाल न लावता, नुसते शब्द, कुणी पत्ता सांगावा तशी. सकाळच्या उजेडाबद्दल आहे, अन्नाबद्दल, आणि हात धरून नेण्याबद्दल. तो मान खाली घालून एकेक शब्द ऐकत होता. तिने डोळे मिटले होते.

संपलं. तो म्हणाला, ‘यातलं मला काही पटत नाही.’

मग त्याने बायकोकडे पाहिलं. दप्तर खाली ठेवलं.

‘पण पुन्हा एकदा म्हणा. नीट म्हणा, चालीवर. हिला ऐकायचंय.’

बाईंनी म्हटली. शाळा केव्हाच सुटली होती, आवारात एकही मूल नव्हतं. तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणे नियमभंग झालेला नाही. तरी तुला कळवून ठेवतो.

धाकटा